दोन बोटे माया

एकाच पुठ्ठ्याच्या साच्यावरून बेतलेले चार फ्रॉक ठमीला एकापेक्षा एक सैल झाले. पहिला चार महिन्यांपूर्वीचा, नेमका बसलेला. चौथा आजचा. त्यात आणखी एक ठमी मावली असती.

ठमी चौदा महिन्यांची होती. या वयात मुले कपड्यांना पुरून उरतात. कपडे मुलांना नव्हे.

फ्रॉक शिवणारी तिची आजी. मुलाचे जुने शर्ट उसवायचे, विरलेला भाग टाळायचा आणि उरल्यातून नातीचे कपडे काढायचे, यात तिचा हातखंडा होता. आजचे गडद निळे कापड मुलाच्या कामावरच्या शर्टाच्या पाठीचे होते.

"जरा ऐसपैस झालाय," आजी म्हणाली. "असू दे. पोर काय एवढीच राहणार आहे?"

सुनेने फ्रॉकची छाती चिमटीत धरली. तीन बोटे जास्त. मागच्या वेळी दोन होती.

"आई, साचा तोच ना?"

"तोच गं. रोज नवा करायची हौस आहे का मला?"

"टेपने एकदा माप घेऊ या?"

"टेप कशाला? माझी वीत काही झिजली नाही अजून."

सुनेने चिमूट सोडली नाही. तिच्या पहिल्या मुलाचेही आधी कपडेच सैल झाले होते. तेव्हा सगळे हसले होते. वजन करायला नेले, तोवर फार उशीर झाला होता. अकराव्या महिन्यात तो गेला.

त्यामुळे गेले दोन आठवडे ती दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन परत येत होती. जे मोजले नाही ते घटल्याचे सिद्ध होत नाही, असा तिचा युक्तिवाद होता. तो लंगडा आहे, हे तिला कळत होते.

आज मात्र ती आत गेली. वजनकाट्यावर ठमीने हातपाय झाडले.

"धरा हो हिला, काट्यासकट पळेल!" परिचारिका म्हणाली. मग तिने आकडा वाचला. "नऊ किलो सहाशे."

"पुन्हा बघता?"

"दोनदा बघितलं, ताई. चार महिन्यांत पाऊण किलो वाढलीय. उंचीही वाढलीय. काय हवंय अजून?"

"मग कपडे सैल का होतात?"

"ते शिवणाऱ्याला विचारा. माझ्याकडे काटा आहे, कात्री नाही."

सून घरी पोहोचली ती रडत आणि हसत. ठमीचा आजचा फ्रॉक काढून तिने तिला पहिला घातला. तो आता छातीवर ताणला जात होता.

"सांगत होते ना!" आजीने नातीला कडेवर घेतले. "चल गं ठमे, तुझी आई म्हणजे भित्री भागूबाई. आपण समोरच्या बागेत जाऊन येऊ."

"सावकाश जा, आई. रस्त्यावर गाड्या फार आहेत."

"मला शिकव आता."

जिन्यावरचा पायरव विरला. सुनेला कित्येक दिवसांनी भूक लागली होती. पण परिचारिकेचे वाक्य डोक्यातून जाईना. तिने उरलेले तिन्ही फ्रॉक उलटे करून ओळीने मांडले.

शिवणीबाहेर जे जादा कापड राखतात, त्याला माया म्हणतात. आजी ती दोन बोटे ठेवून कापी. आजवर कधी चुकली नव्हती. दुसऱ्या फ्रॉकच्या शिवणीबाहेर एकच बोट माया उरली होती. तिसऱ्यात नखाएवढी. चौथ्यात मुळीच नाही. राखलेले सगळे कापड फ्रॉकच्या घेरात गेले होते.

चौथा फ्रॉक अजून धुतलेला नव्हता. साच्याभोवती ओढलेली खडूची ठळक पांढरी रेघ निळ्या कापडावर तशीच होती. शिवण तिच्यावरून जायला हवी होती. ती गेली होती दोन बोटे बाहेरून, कापडाच्या अगदी काठाने. बोटाने काठ चाचपत कुणी वाट काढावी तशी.

सून खिडकीशी धावली. खाली आजीने ठमीला छातीशी धरून भर रस्त्यात पाऊल टाकले होते.

आजीला ती रेघ दिसत नव्हती.