सिनेटर फिरायला गेलेत

"पुन्हा चिखल! एकतीस वर्षं या माणसाचे बूट पुसतेय, गुडघे गेले माझे," इर्मा पुटपुटली.

अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये महिनाभर पाऊस नव्हता. सिनेटर पेलग्रूंचं घर आता संग्रहालय आहे, आणि दोरीपलीकडे मांडलेले त्यांचे बूट रोज सकाळी चिखलानं माखलेले असतात. इर्मा आणि मी इथल्या गाइड, पण त्यावर कधी बोललो नाही. इथला एक नियमही आहे. 'सिनेटर गेले' म्हणायचं नाही, 'फिरायला गेलेत, येतीलच' म्हणायचं. पाहुण्यांना गंमत वाटते.

आज इर्माचा शेवटचा दिवस होता. "उद्यापासून फडकं तुझं गं," ती म्हणाली. मला निवृत्तीपर्यंत अजून चौदा वर्षं काढायची होती.

दुपारी पाहुण्यांना घर दाखवताना बाहेर पायऱ्यांवर पावलं वाजली, जड आणि सावकाश. एक आजोबा हसले. "आले वाटतं सिनेटर?"

मी दोरीपलीकडे पाहिलं. बूट जागेवर नव्हते.

इर्मानं माझा चेहरा पाहिला आणि दाराकडे तोंड करून, दमलेल्या आवाजात म्हणाली, "नाही हो. ते वारले. चाळीस वर्षं झाली."

पावलं दाराशी थांबली.