मापाचं मीठ

तिनं कात्रीनं कोळंबीचं पाकीट कापलं आणि नळाखालच्या चाळणीत उपडं केलं. बर्फाचे गोळे खडखडत पडले. दिवसभर इस्पितळाच्या स्वयंपाकघरात दीडशे माणसांचं रांधून आल्यावर घरी पुन्हा कांदा चिरायची ताकद तिच्यात उरत नसे. कोळंबी, लसूण, लोणी आणि शेजारी कुकरमध्ये भात. पंधरा मिनिटांत माणसं जेवायला बसली पाहिजेत, एवढंच.

"जळतंय का गं काही?" नवऱ्यानं बाहेरून विचारलं.

तिनं दचकून पातेल्यात पाहिलं. लसणाच्या कडा काळ्या पडल्या होत्या. तिनं गॅस बारीक केला आणि कोळंबी आत सोडली.

नवरा येऊन दाराला टेकला. दिवसभर लिफ्ट दुरुस्तीसाठी खालच्या खड्ड्यात उतरून उतरून त्याची कंबर धरली होती. ड्रॉवरमधून मापाचा चमचा काढून तिनं त्यात मीठ भरलं, वरचं बोटानं सारखं केलं, मग पातेल्यात टाकलं.

"तू कधीपासून चमचा वापरायला लागलीस? नुसत्या अंदाजानं टाकलंस तरी कधी चुकलं नाही तुझं."

"उद्यापासून तसंच करायचंय. सवय करतेय."

त्याला ते पटलं. उद्यापासून मूत्रपिंडाच्या रोग्यांचं वेगळं स्वयंपाकघर तिच्या हाताखाली येणार होतं. त्या माणसांना मीठ म्हणजे विष. तिथं स्वयंपाकाला ती एकटीच. पण कायमची नोकरी, आणि पहाटे साडेचारची पाळी सुटणार. बारा वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती.

तिनं तिघांची ताटं वाढली. सासूबाईंनी पहिला घास घेतला, चावायच्या थांबल्या आणि पाण्याच्या भांड्याकडे हात नेला.

"अगं, समुद्रातनं काढून थेट ताटात वाढलीस की काय?"

"आई, गप गं," नवरा म्हणाला. "दमून आलीये ती. चांगली झालीये." त्यानं आपला घास पाण्याबरोबर गिळला आणि भात जरा जास्तच कालवून घेतला.

"चांगली कसली! जिभेचं कातडं निघालं माझ्या."

ती मान खाली घालून जेवत होती. तिनं एक कोळंबी खाल्ली, दुसरी खाल्ली. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिसरी उचलताना तिला जाणवलं, की दोघंही थांबली आहेत आणि तिच्याकडेच बघताहेत.

"तू कशी खातेस गं ती?" सासूबाईंनी विचारलं. या वेळी आवाजात टोमणा नव्हता.

तिनं कोळंबी ताटात परत ठेवली.

"मला कळत नाही," ती म्हणाली. "तापातून उठल्यापासून. वासही नाही, चवही नाही."

"तीन आठवडे?" नवरा म्हणाला. "आणि तिकडं कामावर?"

"भाजी चिरणाऱ्या बाईला देते चमचा. म्हणते, माझं तोंड आलंय, तू बघ जरा. ती सांगते, त्यावरून घालते."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"रोज दहा डॉक्टरांना जेवायला घालते मी. एकालाही नाही सांगितलं. सांगितलं असतं तर उद्याचं काम दिलं असतं का मला?"

नवऱ्यानं उठून कचऱ्याच्या डब्यातलं पाकीट काढलं, उजेडात धरलं आणि मागची बारीक अक्षरं वाचली. कोळंबी मिठाच्या पाण्यात गोठवलेली होती. एरवी तिला हे वाचायची गरज पडली नसती. शिजल्यावर एक उचलून जिभेवर ठेवली असती, की झालं.

"किती?" तिनं विचारलं.

"काय किती?"

"किती खारट झालीये? नीट सांगा."

त्यानं जरा विचार केला. "दुप्पट. दुपटीच्या वरच."

तिनं मान हलवली. मग तिघांच्या ताटांतली कोळंबी चाळणीत काढून पाण्याखाली धरली. लोणी, लसूण सगळं वाहून गेलं. उरलेली पांढरी, वाकडी कोळंबी तिनं पुन्हा भातावर वाढली. सासूबाई काही न बोलता ती खाऊ लागल्या. शेवटी म्हणाल्या, "आता बरी आहे," आणि तिच्या हातावर थोपटलं.

ताटं उचलताना नवरा हळूच म्हणाला, "येईल गं चव परत. पुष्कळांना येते. तोवर मापानं घालत जा. कागदावर लिहिलेलं असतंच ना, किती घालायचं ते? कुणाला कळणार आहे?"

"आजही मापानंच घातलं होतं."

त्यानं हातातली ताटं ओट्यावर ठेवली. तिनं पदराला हात पुसले, फोन घेतला आणि इस्पितळाच्या आहार विभागाच्या मॅडमचा नंबर काढला. बोट त्या नंबराशी नेऊन ती थांबली.

"मॅडमचं जेवण झालं असेल का हो आत्ता?"

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "बसल्या असतील नुकत्याच."

"मग होऊ दे त्यांचं आधी," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांत फोन धरून खुर्चीवर बसून राहिली.