घरगुती चिकटा

“पोर झाल्यावर बाईनं पाळण्याची दोरी धरावी, बंदूक नाही,” शितोळे सरांनी रायफल क्लबात सगळ्यांदेखत ऐकवलं. असल्या माणसावर शब्द खर्चायचीही ज्योत्स्नाला लाज वाटे. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या होत्या. उडवून फुगलेल्या त्या पुंगळ्या साच्यात दाबून मापात आणण्याआधी त्यांना ती स्वतः केलेलं वंगण चोळत राहिली.

“घरगुती चिकटा!” सरांनी नाक मुरडलं. त्यांचं वंगण म्हणे जर्मनीहून यायचं. ते संपलंय, हे मात्र तोंडातून निघेना. पुंगळी कोरडीच दाबली, आणि ती साच्यात अशी रुतली की ठोकून काढताना सरांना घाम फुटला. स्पर्धा तर उद्यावर आलेली.

शेवटी न विचारता त्यांनी तिची डबी ओढली. पुढच्या पुंगळ्या अलगद निघू लागल्या, तसे सर दोन्ही हातांनी चोळायला लागले. “बरंय गं! कशाचं केलंस?”

“बाळाला अंगावर पाजताना मला भेगा पडायच्या, सर. त्यावर लावायला डॉक्टरांनी मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचं मलम दिलं होतं. उरलेलं स्पिरिटमध्ये विरघळवलं.”

सरांनी झटकन रुमाल काढला.

“पुसताय कशाला?” ती म्हणाली. “अजून डबाभर पुंगळ्या कोरड्या आहेत तुमच्या.”