पलीकडचं सूत

सेवकरामांनी चहाला हात लावला नाही. समोर बसलेले कृष्णराव भंडाऱ्यातले सुताचे दलाल, जुन्या ओळखीचे. सीमेपलीकडच्या देशातलं रेशीम त्यांच्या याच गोदामातून मोहाडीच्या हातमागांवर यायचं. सीमेवर खटके उडाले, सरकारनं ते सूत अडवलं आणि सेवकरामांचा माग बंद पडला. लग्नसराईच्या साड्यांची ऑर्डर अर्धवट राहिली होती. ती हातची गेली तर माग विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"तिकडचा सुताचा मालक आडमार्गानं सूत पाठवाले तयार आहे," कृष्णराव म्हणाले. "तुमचा अतुल फौजेत. सीमेवरून घरी फोन करते, फोटो पाठवते. कोठं आहे, काय दिसते, बदल्यात तेवढं मले सांगत जा."

मागच्या आठवड्यात त्यांनी हेच आडून सुचवलं होतं आणि सेवकरामांनी ते हसण्यावारी नेलं होतं. आज हसण्यासारखं काही नव्हतं.

"धंदा वेगळा अन् सीमा वेगळी, सेवकरामजी."

"माह्या घरी नाही वेगळी," सेवकराम म्हणाले आणि उठले.

कृष्णरावांनी आग्रह केला नाही. उलट हसून, वहिनी बऱ्या आहेत ना, एवढंच विचारलं. माणूस इतक्या सहज माघार घेतो, याचीच सेवकरामांना जास्त भीती वाटली.

परतीच्या बसमध्ये त्यांनी मनाशी पक्कं केलं. माग गेला तरी चालेल, पोराच्या जिवाशी खेळ नको. उद्या सकाळी पोलीस ठाणं गाठायचं. बायकोला, शोभाताईंना, त्यांनी यातलं अवाक्षरही सांगितलं नव्हतं. उगाच तिचा जीव टांगणीला लागेल. मुलाचा फोन चुकू नये म्हणून घरातला एकुलता मोबाइल शोभाताई उशाशी ठेवत. त्याचे फोटो भाजीवालीपासून मीटरवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवत आणि तेवढ्यावर दिवस काढत.

गल्लीच्या तोंडाशीच सेवकरामांना आवाज आला. धोट्यात बसवायच्या कांड्यांवर सूत गुंडाळायचा तो चरखा, शोभाताईंचा. महिनाभर तो फिरला नव्हता. सेवकराम झपाझप घरात शिरले.

शोभाताईंच्या मांडीवर पांढऱ्याशुभ्र रेशमी सुताच्या लडी होत्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा फुलला होता.

"कृष्णरावचा माणूस सकाळी तुम्ही निघाल्यावर सूत देऊन गेला," त्या म्हणाल्या. "बहुत भला माणूस. आपल्या अतुलची चौकशी केली, सारे फोटो हौसेनं आपल्या मोबाइलवर मांगून घेतले. अतुलच्या मागचे डोंगर त्याले बहुत आवडले म्हणे."