पूर्वरंगानंतरचा हार

मंडपामागे, कीर्तनाला उभं राहण्याआधी, अप्पांनी पुन्हा ती बाटली डोळ्यांवर उलटी केली.

"अप्पा, हे स्टेरॉइडचे थेंब ऑपरेशननंतर थोडेच दिवस घालायचे होते. त्यांनी डोळ्यांतला दाब वाढून नजर जाऊ शकते; तो तपासायलाही तुम्ही गेला नाहीत," पेटी उघडताना मी चिडूनच म्हणाले.

"लाल डोळ्यांनी कीर्तन करू? आणि मेडिकलवाला देतोच की गं!"

किती सांगायचं? साऱ्या गावाला देव समजावणारा माणूस लेकीचं एक वाक्य ऐकेना.

पूर्वरंग संपला. रिवाजाप्रमाणे यजमान हार घालायला अप्पांच्या डाव्या बाजूला आले. हार दिसताच अप्पा दरवेळी मान झुकवत. आज ते समोरच बघत राहिले. यजमान हार धरून ताटकळले. लोकांना वाटलं, बुवा तल्लीन झालेत.

"अप्पा, हार!" मी हाक मारली.

ते आधी उजवीकडे वळले, मग डावीकडे. हार अगदी पुढ्यात आला तेव्हा दचकले.

उत्तररंगाआधी त्यांनी झोळीतली बाटली माझ्या पेटीवर आणून ठेवली. "उद्या डॉक्टरांकडे चल माझ्याबरोबर," ते हळूच म्हणाले. "या डाव्या बाजूचं कधीपासून दिसेनासं झालं, मलाच कळलं नाही."