बाटलीवरचा शब्द

“ही लेबलं लावून माल माझ्या घरातून जाणार नाही,” युसुफचाचा म्हणाले आणि हातातला कागद त्यांनी ओटीवर ठेवला.

अजराची सुरी थांबली. सासऱ्यांसमोर ती सहसा बोलत नसे. कोकमाची फळं, रातांबे, फोडून फोडून तिची बोटं लाल झाली होती. अंगणात उन्हाला बरण्या मांडल्या होत्या. रातांब्याची सालं आणि साखर, थरावर थर. साखर विरघळून दाट लाल रस सुटला होता. वैशाखभर ती आणि मिरजोळ्याची विमला त्यामागे राबत होत्या. दादरच्या एका दुकानदाराने पहिल्यांदाच माल मागवला होता आणि पेट्या आज संध्याकाळच्या एसटीने जायच्या होत्या.

“काय चुकलं, चाचा?” विमलाने विचारलं. लेबलं तीच छापून घेऊन आली होती. ‘कोकम सिरप’.

“सिरप म्हणजे काय ठाऊक आहे तुला? नाक्यावर आमचे मास्तर सांगत होते. साहेबाच्या भाषेत तो शब्द अरबीतून गेला. मुळात शराब.” त्यांचा आवाज खाली आला. “युसुफच्या अंगणात सून शराब भरते, असं मोहल्ल्यात म्हणतील. सरबत लिहा. सरबताला कोण नको म्हणतंय?”

“आधी सरबतच लिहिलं होतं. नमुन्याच्या बाटल्या गेल्या, तर लोकांनी पाणी न घालता तशाच तोंडाला लावल्या. मग ओरड, घसा धरला म्हणून. दुकानदार म्हणतो, सिरप लिहा, म्हणजे पाणी घालतील.”

“मग नको तो दुकानदार.”

विमला लेबलं गोळा करू लागली.

अजरा उठली. फडक्याला हात पुसून आत गेली आणि कोनाड्यातली तपकिरी बाटली घेऊन आली. खोकल्यावर म्हणून तिच्या नवऱ्याने, अस्लमने, कुवेतहून पाठवलेली. चाचा रोज रात्री त्यातलं चमचाभर घेत.

“अब्बा, एवढं वाचून दाखवा.”

“माझं औषध आहे हे.”

“वर मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय?”

चाचांनी चष्मा लावला, बाटली उजेडाला धरली. उभा जन्म कुराण वाचलेल्या डोळ्यांना अक्षरं अनोळखी नव्हती. शीन. रे. अलिफ. बे. त्यांनी बाटली जवळ घेतली, पुन्हा वाचलं.

“शराब,” ते हळूच म्हणाले.



“मीपण घाबरले होते,” अजरा म्हणाली. “हे सुट्टीवर आले तेव्हा विचारलं. तिकडे म्हणे जे प्यायचं ते शराब. पाकातलं औषध, गुलाबाचं पाणी, सगळंच. वाईट अर्थ त्याला आपल्याकडे येऊन चिकटला.”

चाचांनी चष्मा काढला.

“कुराणात हराम म्हटलंय ते खम्र, नशा आणणारं,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “तो शब्दच निराळा.” मग विमलाकडे वळले. “ठेव गो ती लेबलं. चिकटवायला काय आणलंस?”

विमलाने डिंकाची वाटी पुढे सरकवली. चाचा ओटीवर मांडी घालून बसले आणि भरलेल्या बाटलीवर पहिलं लेबल लावायला घेतलं. तिरकं बसलं. ते त्यांनी सोलून काढलं आणि पुन्हा लावलं.

“हे चाललं तर पुढल्या उन्हाळ्यात मिरजोळ्याला गाळा घेऊ,” विमला म्हणाली. “मुंबईला ये-जा करायला मात्र घरचा माणूस हवा. आम्हा दोघींना नाही जमायचं.”

चाचांनी पुढचं लेबल लावलं. लेबलावरून अंगठा फिरवत राहिले.

ऊन उतरलं तशी शेवटची पेटी भरत आली. अजराने एक बाटली बाजूला काढली.

“ही यांना. शेजारचा महमूद परवा कुवेतला निघतोय, त्याच्याबरोबर देते.”

चाचांनी ती बाटली उचलली आणि पेटीत परत ठेवली.

“अस्लमला नको पाठवू,” ते म्हणाले. “त्याला इकडे येऊन पिऊ दे.”