नाक मुरडणारी सून

"आधी नाकावरचा रुमाल काढ," सासरा म्हणाला. "अत्तराच्या दुकानात नाही आलीस तू."

सुनेने रुमाल काढला, कोंबड्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं, आणि तिचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं वाकडं झालं. पक्ष्यांच्या पायाखाली लाकडाच्या भुशाचा जाड थर होता. धंद्यात त्याला गादी म्हणतात. ही गादी ओली राहिली की विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि थेट डोळ्यांत आणि घशात घुसतो. गादी कोरडी असली की सून नुसत्या भुवया चढवायची. ओली असली की नाक आकसायचं, डोळे भरायचे, खोकल्याची उबळ यायची. लपवाछपवी तिला जमतच नसे.

"या, राजकन्या, या!" सासरा सगळ्या गड्यांना ऐकू जाईल अशा बेताने ओरडला. "ताटात कोंबडी आली की बरं नाक मुरडत नाही कुणी!"

गडी हसले. हसावंच लागे. दारात खोकला म्हणून सासऱ्याने एकाला कामावरून हाकललं होतं. तेव्हापासून सगळे लाकडी बाहुल्यांसारखं तोंड करून आत शिरत आणि तसंच बाहेर पडत.

सासऱ्याचा रोजचा थाट ठरलेला. मूठभर भुसा उचलायचा, दाबून बघायचा, सुनेकडे बघून काहीतरी लागट बोलायचं आणि मग गड्यांवर गरजायचं. "बाजूचे पडदे उघडा! पाण्याच्या नळीखालचा ओला भुसा उचला, कोरडा टाका! तो कोपरा दाताळ्याने उलटापालटा करा!" त्याचे पक्षी नेहमी ठणठणीत. आसपासचे धंदेवाले म्हणत, याच्या नाकासारखं नाक नाही. अमोनिया मोजायचं यंत्र विकायला आलेल्या माणसाला त्याने फाटकातूनच परत पाठवलं. "हे खेळणं तुझ्या पोरांना दे," म्हणाला.

पलीकडे नवीन शेड बांधून तयार होतं. ते मुलगा-सुनेच्या ताब्यात द्यायचं की नाही, हे सासऱ्याने लोंबकळत ठेवलं होतं. नवरा खाद्याच्या गाड्या घेऊन दिवसभर बाहेर. संध्याकाळी घरी आला की "बाबा तसेच आहेत, मनावर घेऊ नकोस" एवढं सांगून मोकळा. सुनेला ते शेड हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. तिथे तिला स्वतःच्या मनासारखं काम करता आलं असतं, आणि दिवसातून एकदा तरी हा माणूस समोर नसता.

"नाक मुरडणाऱ्याच्या हातात मी पक्षी देणार नाही," सासऱ्याने एकदा भरल्या ताटावर जाहीर केलं. सासूने मान खाली घातली. सुनेने मात्र ते वाक्य गाठीला बांधलं.

तिने आरशासमोर उभं राहून सराव केला. तोंडाने श्वास घ्यायला शिकली. डोळे न मिचकावता एका जागी बघत राहायला शिकली. शेडमध्ये जाण्याआधी नाकपुड्यांना झोंबणारा बाम फासू लागली. त्याचा वास गड्यांना दहा पावलांवरून यायचा. सासरा खांद्याला खांदा लावून चालायचा, पण त्या वासाबद्दल एका शब्दाने बोलला नाही. सुनेला वाटलं, चला, आपलं नशीब.

थंडी पडली होती. ऊब टिकावी म्हणून पडदे बंद होते आणि आत दमट हवा साचत होती. सून आत गेली आणि खांबासारखी उभी राहिली. सासऱ्याने तिच्याकडे बघितलं. पुन्हा बघितलं.

"काय गं, आज तोंड शिवून आणलंस?"

"गादी छान आहे, बाबा."

त्याने भुसा मुठीत दाबला. वरचा थर कोरडा होता. "हं," म्हणाला, आणि पडदे बंदच राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही दिवशी. टोमणे थांबले. जेवताना नवीन शेडच्या किल्ल्यांचा विषय त्याने आपणहून काढला. सून मनातल्या मनात नाचत होती. या म्हाताऱ्याला नमवणं इतकं सोपं होतं, आणि आपण उगाच रडत बसलो, असं तिला वाटलं.

मग एका सकाळी पक्षी कोपऱ्यात दाटीवाटीने बसलेले दिसले. डोळे मिटलेले, पापण्या सुजलेल्या. खाद्य तसंच पडून. पक्ष्यांच्या डॉक्टरला बोलावलं. तो दारातूनच तोंडावर हात धरून मागे सरला.

"अहो, इथे माणसाला उभं राहवत नाही! डोळे जळलेत पक्ष्यांचे. निम्मे आंधळे होतील. तुम्ही रोज आत जाता ना?"

गड्यांनी जमिनीकडे बघितलं. त्यांच्या शूरपणाची मजल तेवढीच. एकाने धावत जाऊन पडदे उघडले. डॉक्टर पिशवी आणायला गाडीकडे गेला. सासरा मात्र ना गड्यांवर ओरडला, ना डॉक्टरवर. तो सुनेसमोर येऊन उभा राहिला.

"तुला वास आला नाही?"

"आला होता."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. पण तुम्हीच म्हणालात ना, नाक मुरडणाऱ्याच्या हातात—"

"मी वाटेल ते बोलतो!" तो खेकसला. मग गड्यांकडे चोरटी नजर टाकून त्याने आवाज खाली आणला. इतक्या हळू बोलताना तिने त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"अगं मूर्ख मुली, माझं नाक केव्हाच मेलंय. तुझ्या तोंडाकडे बघूनच तर मी हे शेड चालवत होतो."